मास्तरांचं गॅरेज : जुन्या चासीवर हॉट रॉड

प्रश्न : मास्तर, सप्रेम नमस्कार. मी साखळीचा, वय सव्वीस, एका कारखान्यात शिफ्टला जातो. आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, काकांची १९८९ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप दहाबारा वर्षं उभी आहे, फोर-व्हील आहे. काका पुण्याला असतात, ‘तुला घे’ म्हणाले. बाबा म्हणतात भंगारात घाल. मला तिची हॉट रॉड करायची आहे. बॉडी उतरवून, चासी खाली घेऊन, मडगार्ड नाहीत, इंजिन उघडं, अशी. जुन्या कॉन्टेसा गाडीचं इंजिन गियरबॉक्ससकट चाळीस हजारांना मिळतंय. साडेतीन लाख रुपये जमवले आहेत. सुरुवात कुठून करू? शिगम्यापर्यंत होईल का?
— र. ग., साखळी

उत्तर : कॉन्टेसाच्या इंजिनाचे पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. इंजिन वाईट आहे म्हणून नव्हे. इसुझूचं १८१७ सीसीचं ते पेट्रोल इंजिन आलं तेव्हा आपल्या रस्त्यांवर त्याच्या तोडीचं फार थोडं होतं. पण ते तुझ्या साडेतीन लाखांत बसत नाही आणि तुझ्या जीपच्या पोटातही सरळ बसत नाही. का ते पुढे सांगतो. तुला अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. सत्तावीस वर्षं आयटीआयमध्ये तुझ्याच वयाची पोरं शिकवली, जीभ तशीच वळते.

आधी हॉट रॉड म्हणजे काय ते मनात पक्कं कर, कारण सगळा खर्च त्यावर ठरतो. आज फोटोत दिसते ती क्रोमने लखलखणारी गाडी ही फार नंतरची. मूळ गोष्ट १९३०च्या दशकातल्या दक्षिण कॅलिफोर्नियातली, आणि ती खिशात पैसे नसलेल्या पोरांची आहे. फोर्डने मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी बनवल्या, त्यामागून मॉडेल ए आली. त्यामुळे जुन्या फोर्ड गाड्या भंगारात मातीमोलाने मिळायच्या. पोरं त्यांची मडगार्ड काढायची, पायफळ्या काढायची, काच, टप, जे जे चालायला लागत नाही ते सगळं उतरवायची आणि म्युरॉकच्या सुकलेल्या तळ्यावर नेऊन पळवायची. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरचं व्ही इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत बसवलं. त्याची ताकद पासष्ट अश्वशक्ती, आजच्या साध्या स्विफ्टपेक्षा कमी. ठोकलेल्या गाड्यांतली ती इंजिनं मग जुन्या हलक्या चासींवर चढली. म्हणजे वेग आला तो निम्मा इंजिनातून आणि निम्मा वजन काढण्यातून. वजन काढायला पैसे लागत नाहीत, स्पॅनर लागतो. साडेतीन लाखांच्या गाडीचा पाया हाच.

आता कागद. पाना हातात घेण्याआधी आरसी हातात घे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात दिलेले जे तपशील आरसीवर आहेत, त्यांच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका खटल्यात हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२ए कलम आलं. त्यात अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. तेव्हा बॉडी उतरवलेली, खाली घेतलेली जीप तू साखळीच्या बाजारातून फिरवू शकत नाहीस. फिरवणारे आहेत, मी पाहिले आहेत. उद्या कोणाच्या पोराला धक्का लागला तर विमा कंपनी पहिली तो बदल दाखवेल, आणि तुझ्या बाबांना घर विकायची पाळी येईल. हे मी भीती घालायला लिहीत नाही. गाडी कुठे चालणार हे आज ठरलं तर पुढचे शंभर निर्णय आपोआप ठरतात, म्हणून लिहितो.

माझं मत असं : ही गाडी तुमच्या कुळागरात, मोकळ्या भाटात, खाजगी मैदानावर चालवायची, आणि कुठे दाखवायला न्यायची तर ट्रेलरवर चढवून. शिगम्याच्या मिरवणुकीतसुद्धा ट्रकच्या हौद्यात उभी करून नेलीस तर लोक तिच्याकडेच बघतील. काकांकडून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन जीप आधी तुझ्या नावावर कर. मग ती रस्त्यावरून काढतो आहेस हे डिचोलीच्या आरटीओत लेखी कळव आणि पोच जपून ठेव. चासी नंबर आणि इंजिन नंबर जिथे कोरलेले आहेत तिथे ग्राइंडर लावायचा नाही. रंगाआधी त्यांवर टेप मार. नंबर गेलेली चासी ही चोरीची चासी, दुसरं काही कोणी मानणार नाही.

गाडी रस्त्यावर जाणार नाही म्हटल्यावर ताशी १२०चा वेग कोणाला हवा? जीपमधलं प्यूजो बनावटीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन तुला पुरून उरेल. दहाबारा वर्षं उभं आहे म्हणून ते मेलेलं नसतं. स्टार्टर मारू नकोस. नोझल काढ, प्रत्येक सिलिंडरात थोडं ऑइल सोड, दोन दिवस मुरू दे, मग पुढच्या पुलीला पाना लावून हाताने फिरव. फिरलं तर तुझे लाखभर रुपये वाचले.

आणि कॉन्टेसाचं इंजिन बसत का नाही, ते जीपच्या पोटाखाली शिरून स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मागच्या धुऱ्याचा गोळा, आपण डिफ्रन्शल म्हणतो तो, मधोमध आहे की एका अंगाला? विलिसच्या, म्हणजे मूळ अमेरिकन जीपच्या, वंशातल्या फोर-व्हील जीपना तो उजवीकडे सरकवलेला असतो, कारण गियरबॉक्समागच्या ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या पेटीतून, मागचा शाफ्ट उजव्या अंगाने बाहेर पडतो. कॉन्टेसाच्या गियरबॉक्सचा शाफ्ट निघतो मधून. ट्रान्सफर केस काढून तो गियरबॉक्स लावलास तर शाफ्ट तिरका जाईल, शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस गरम होतील, खडखडतील आणि एक दिवस तुटतील. मग धुरा बदला, म्हणजे ब्रेक बदला, रिमा बदला, पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, गाद्या बदला. चाळीस हजारांचं इंजिन चालतं होईपर्यंत दीड लाख खातं, हा हिशेब मी तीन वेळा डोळ्यांसमोर झालेला पाहिला आहे. कंपनीने इंजिनापासून चाकापर्यंत जी साखळी जुळवून दिली आहे ती तोडू नकोस. पुढच्या धुऱ्याकडे जाणारा शाफ्ट तेवढा काढून ठेव. वजन जाईल आणि गाडी मागच्या चाकांवर चालेल, हॉट रॉड चालते तशी.

पुढची गोष्ट चासीची, आणि इथे घाई करू नकोस. बॉडीचे बोल्ट सुटतील तेवढे सोडव, बाकीचे काप. उघडी चासी पाण्याच्या प्रेशरने धू, सुकव, मग अर्ध्या किलोची हातोडी घेऊन दोन्ही रेल, म्हणजे चासीच्या दोन लांब तुळया, पुढून मागे ठोकत जा. चांगलं लोखंड टण् वाजतं. सडलेलं बद वाजतं, ओल्या लाकडासारखं. जीपची रेल हमखास सडते ती मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटवर आणि जिथे आडवे क्रॉस मेंबर जुळतात तिथल्या खोबणीत. कुळागरातली ओल, कुजलेला पाला आणि साचलेली माती तिथे वर्षानुवर्षं बसते. स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघ. आत गेला तर खूण कर. अशा चारपाच जागा सापडल्या तर दुरुस्त होते. रेल हातभर सलग सडली असेल तर ही चासी सोडून दुसरी शोध. तिच्यावर केलेला पुढचा सगळा खर्च पाण्यात जाईल.

मग ती सरळ आहे का ते बघायचं. याला कसलं मशीन लागत नाही. सपाट सिमेंटच्या जागेवर चासी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, लेव्हलात बसव. पाट्यांच्या पिनांची चार भोकं धर, पुढची दोन, मागची दोन. प्रत्येक भोकातून गवंड्याचा ओळंबा सोड आणि टोक जमिनीला जिथे टेकतं तिथे खडूने फुली मार. चासी बाजूला सरकव. चार फुल्या उरतात. समोरासमोरच्या फुल्यांतलं तिरकं अंतर दोघांनी टेप ताणून मोज, एकदा या कोपऱ्यातून, एकदा त्या. दोन्ही मापांत तीन मिलिमीटरपर्यंत फरक चालेल. दहा मिलिमीटर आला तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे. आयटीआयमध्ये मी पोरांना सगळ्यांत आधी हे करायला लावायचो. ज्या जमिनीवर रोज बसून डबा खाल्ला, तिच्यावर मापं उमटली की पोरांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलायचं. त्या दिवसापासून ती गाडी त्यांची व्हायची.

चासी खाली घ्यायची म्हणतोस. इतर गाड्यांत पाटे धुऱ्याच्या वरून असतात, ते खालून घेतले की गाडी खाली बसते, हे तू कोणाकडून तरी ऐकलं असशील. जीपला पाटे आधीच धुऱ्याच्या खालून आहेत, उलटवलेस तर गाडी आणखी वर जाईल. तुला सोपा मार्ग वेगळा आहे. बॉडी, टप, मागच्या सीटा, स्टेपनी गेली की वजन इतकं उतरतं की मूळ पाटे नुसते ताठ उभे राहतात. मोजून दोन पाटे काढ, पण मुख्य पाटा आणि त्याच्या डोळ्याला कवटाळणारा दुसरा, या दोघांना हात लावायचा नाही. पाटा तापवून वाकवणारे भेटतील. तापवलेला पाटा मऊ पडतो, त्याचं पाणी उतरतं. तसं करू नकोस. वेल्डिंगचा ठिपकासुद्धा पाट्यावर पडता कामा नये.

बाकीचा बसका दिमाख टायरांतून येतो. पुढे जीपचे मूळ ६.००-१६, मागे ७.५०-१६. व्यासात सातआठ सेंटिमीटरचा फरक पडतो, गाडी आपोआप पुढे झुकते. हेच हॉट रॉडचं रूप. ६.००-१६ मापात ट्रॅक्टरचा पुढचा टायरही मिळतो आणि स्वस्त असतो. तो शेतासाठी आहे, घेऊ नकोस.

चासीला जोड द्यावा लागला तर उभी सरळ रेघ मारून जोडायचं नाही. जोड तिरका काप, आणि वरून शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी बसव, म्हणजे भार एका रेघेवर येत नाही. हे काम तू करू नकोस, सीओटू वेल्डिंगवाल्याकडून करून घे. तुझ्या भागात ही माणसं आहेत. खाणी जोरात होत्या तेव्हा उसगाव, साखळी, डिचोलीत टिपरच्या चासी जोडण्यात ज्यांचे हात मुरले, ते २०१२ साली खाणी थांबल्यावर ग्रिल आणि शेड करू लागले. त्यांतला एखादा साठीचा मेस्त शोध. तो पैसे वाजवी घेईल, आणि चासी बघून मान हलवेल तेव्हा ती मान लाखमोलाची असेल.

आता ब्रेक. इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. १९९९ साली आमच्या शेजारच्या गॅरेजात चार माजी विद्यार्थ्यांनी आणि मी अशीच एक उघडी जीप केली होती. जीपचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ऑइलमधून चाकांकडे ढकलणारा भाग, गळत होता, म्हणून एका छोट्या गाडीचा, पुढे डिस्क ब्रेक असलेल्या गाडीचा, नवा सिलिंडर आणून तळाखाली बसवला. संध्याकाळी ब्रेक कडक लागत होता. सकाळी गाडी काढली, मी शेजारी बसलो होतो. गॅरेजातून रस्त्याकडे उतार. पोराने पेडल दाबलं ते तळाला टेकलं. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत आम्ही चिऱ्यांच्या गडग्यात शिरलो होतो. पोराच्या गुडघ्याला सात टाके पडले. चूक माझी होती, सिलिंडर मी निवडला होता.

झालं असं : ड्रम ब्रेकच्या लाइनीत थोडा दाब कायम राहावा लागतो, साधारण दहा पीएसआय. त्याने चाकातल्या सिलिंडरचे कप फुगलेले राहतात, हवा आत घेत नाहीत. जुन्या ड्रमवाल्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी त्यासाठी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. डिस्कवाल्या सिलिंडरला तो नसतो, कारण तेवढ्या दाबाने डिस्कचे पॅड घासत राहतील. तिथे जेमतेम दोन पीएसआय चालतो. त्यात सिलिंडर चाकांपेक्षा खाली, म्हणजे रात्रभरात ऑइल मागे उतरलेलं. तू जीपचाच, पण दोन सर्किटचा टँडम मास्टर सिलिंडर घे, ड्रमचा आहे हे दुकानदाराकडून वदवून घे, आणि चारही चाकांचे सिलिंडर नवे घाल. गाडी एक रात्र उभी ठेव. सकाळी पहिल्याच दाबाला पेडल वरच्या वर कडक लागलं पाहिजे. तसं लागेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.

स्टेअरिंगही तसंच. सीट मागे सरकवलीस की स्टेअरिंगचा दांडा लांब करावा लागतो. दोन दांडे समोरासमोर धरून वेल्डिंग मारायचं नाही. दातेवाला कपलिंग जॉइंट घे, लेथवर दाते पाडून घे, बोल्ट आरपार घाल.

पैशांचं गणित माझ्या अंदाजाने असं बसतं. साडेतीन लाखांतले एक लाख बाजूला काढ आणि ते नाहीतच असं धर. उरलेल्या अडीच लाखांत टायर आणि रिमांना पंचेचाळीस हजार, ब्रेक, स्टेअरिंग, किंगपिन, बुश यांना चाळीस. इंजिन, क्लच, रेडिएटर यांना पंचाहत्तर. लोखंड, वेल्डिंग आणि लेथ चाळीस. वायरिंग, दिवे, नवी टाकी पंचवीस. रंग आणि सीट पंचवीस. खर्चाचा क्रम मात्र असा ठेव : चासी, इंजिन, ब्रेक आधी, रिमा आणि रंग शेवटी. पोरं रंगाचे आणि रिमांचे पैसे आधी घालवतात, मग जुने ब्रेक ‘तूर्तास’ ठेवतात. बाजूला काढलेला लाख कधी लागेल हे सांगता येत नाही, पण लागतोच.

शिगम्यापर्यंत होणार नाही. आता उघड, पावसाआधी चासीचं काम उरक आणि तिला प्रायमर मार. पावसाळ्यात छपराखाली इंजिन आणि ब्रेक कर. चवथीनंतर सगळी गाडी एकदा जुळव, बॉडीसुद्धा, नुसते टाके मारून, लाकडाच्या ठोकळ्यांवर. तीत बसून बघ. पेडलला पाय पोचतो का, शाफ्टला जागा आहे का, सायलेन्सर टाकीजवळून जात नाही ना. चुका तिथेच सापडतील आणि तिथे त्या फुकट सुधारतात. मग पक्कं वेल्डिंग, मग पुन्हा सुटं करून रंग, तोही दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की. पुढच्या शिगम्याला मी साखळीला येईन, कुठे बघायची ते कळव.


प्रश्न : मास्तर, आमच्या घरी सासऱ्यांची १९६७ सालची स्टँडर्ड हेराल्ड आहे. चालत नाही, पण पूर्ण आहे. पुतण्या म्हणतो हिला वेगळी चासी असते, हिची हॉट रॉड छान होईल. देऊ का त्याला?
— सौ. वि. का., म्हापसा

उत्तर : ताई, देऊ नका. तुमच्या पुतण्याचं म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच धोका आहे. अॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. कापली तर हातात काही उरत नाही. हेराल्डची बॉडी मात्र बोल्टांनी चासीवर बसवलेली असते, सगळी उतरवता येते. इंग्लंडमध्ये याच चासीवर लोकांनी कितीतरी घरगुती स्पोर्ट्स गाड्या उभ्या केल्या. खुद्द कंपनीने हिचीच चासी आखूड करून १९६२ साली स्पिटफायर काढली.

पण तुमची हेराल्ड मद्रासमध्ये बनलेली आहे आणि अशा पूर्ण उरलेल्या गाड्या आता फार कमी आहेत. तिचं बॉनेट एकदा उघडून बघा. पुढची मडगार्ड, दिवे सगळं एकत्र पुढे कलंडतं आणि मेकॅनिक टायरवर बसून ९४८ सीसीच्या इंजिनावर काम करू शकतो. मी शिकाऊ होतो तेव्हा अशा एका गाडीच्या टायरवर बसून कार्ब्युरेटर साफ करायला शिकलो. त्यानंतर इतकी माणसाचा विचार करून केलेली रचना मी फार गाड्यांत पाहिली नाही.

शिवाय पन्नास वर्षं उलटली आहेत. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरणाला पाच हजार, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला ती काढता येत नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीला येते. मुख्य अट अशी : चासी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात हवं. पुतण्याने एकदा कापली की हा दरवाजा कायमचा बंद.

त्याला दुसरं काम द्या. हेराल्डच्या चासीला दोन्ही बाजूंना आडवे हात असतात, बॉडीला आधार देणारे. आपल्या पावसात तेच आधी कुजतात. ते नवे करून घालणं हे हॉट रॉडइतकंच कसबाचं काम आहे. जमलं तर तो खरा कारागीर झाला असं समजा, आणि हॉट रॉडसाठी त्याला एखादी जीप शोधायला सांगा.


प्रश्न : आमच्याकडे काणकोणला फायबरच्या होड्या करणारे आहेत. त्यांच्याकडून हॉट रॉडची बॉडी करून घेता येईल का? पत्र्यापेक्षा स्वस्त पडेल का?
— म. पा., काणकोण

उत्तर : करून घेता येईल, आणि समुद्राकाठी ती पत्र्यापेक्षा जास्त टिकेलही, कारण खारा वारा फायबरचं काही करत नाही. स्वस्त मात्र पहिल्या बॉडीला पडत नाही. कारण बॉडीआधी साचा करावा लागतो, आणि साच्याआधी त्या आकाराचा नमुना, प्लायवुड आणि प्लास्टरचा. सगळा घाम त्या नमुन्यात जातो. दोघातिघांनी मिळून एकाच साच्यातून बॉड्या काढल्या तर परवडतं.

होडीवाल्याला त्याचं काम ठाऊक असतं : साच्याला मेण, मग जेलकोट, मग ४५० ग्रॅमची मॅट आणि रेझिन, थरावर थर, रोलरने हवा काढत. तुम्ही त्याला दोन गोष्टी सांगायच्या. होडीला पाणी चारी बाजूंनी सारखं दाबतं, गाडीच्या बॉडीला मात्र बोल्टांच्या सहाआठ जागांवर सगळे धक्के बसतात. तिथे थर दुप्पट हवेत, आत लोखंडी पट्टी पुरलेली हवी, बोल्टखाली मोठा वॉशर आणि चासीमध्ये रबराची गादी हवी. आणि दरवाजाच्या कडांना, पायाखालच्या तळाला चौकोनी पाइपचा सांगाडा आतून जोडून घ्या, नाहीतर सहा महिन्यांत कोपऱ्यांतून केसासारख्या भेगा निघतात. सायलेन्सर बॉडीपासून वीतभर तरी लांब ठेवा.

काम पावसात देऊ नका. हवेत ओल असली की रेझिन नीट सुकत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो. डिसेंबर-जानेवारी सगळ्यांत चांगले महिने.


प्रश्न : मास्तर, माझा मुलगा एकोणीस वर्षांचा. अंगणात जुनी जिप्सी उघडून बसलाय, रात्री उशिरापर्यंत वेल्डिंग करतो. अडवू का, हा प्रश्न विचारत नाही, अडणार नाही तो. काय काळजी घ्यायला सांगू?
— एक आई, केपें

उत्तर : बाय, तुम्ही अडवत नाही याचं मला फार बरं वाटलं. चार गोष्टी आज संध्याकाळीच बघा.

जिप्सी पेट्रोलची. टाकी गाडीवरून उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला सांगा, रिकामी असली तरी. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच जास्त लवकर भडकते. टाकीला भोक पडलं असेल तर तिला वेल्डिंग करायचं नाही, दुसरी घ्यायची. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवून घरात आणून ठेवायची. रेतीची एक बादली जवळ हवी, आणि काम थांबल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, कारण ठिणगी कापसात किंवा सीटच्या फोममध्ये धुमसत राहते. पायांत चपला नकोत, बूट हवेत, आणि नायलॉनची पँट नको.

आणि गाडी कशावर उभी केली आहे ते वाकून बघा. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेले असतात, पोरं तेच दोनावर दोन रचून गाडी टेकवतात. चिरा घराच्या भिंतीत शेकडो वर्षं टिकतो, कारण तिथे भार सगळ्या अंगावर सारखा येतो. चासीच्या अरुंद कडेखाली तो मधून फाटतो, आणि पावसात भिजलेला असला तर आवाजसुद्धा न करता फाटतो. दोन लोखंडी घोड्या हजार-दीड हजाराला मिळतात. त्या येईपर्यंत त्याला गाडीखाली जाऊ देऊ नका, रागावला तरी चालेल.